भिकनमामाचा शेक

भिकनमामा बसत नसत. आमच्या विभागाबाहेर एक लांबट बोळ होता, दोन्ही भिंतींना लाकडी बाकं, आणि बाकांवर पाळीची वाट बघणारी माणसं. कुणाच्या गळ्याभोवती मऊ पंचा, कुणी पोटाशी पिशवी धरलेली, कुणी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटलेले. आणि त्या सगळ्यांच्या मधून एक उंच, हाडकुळा माणूस, पांढरा लेंगा आणि विटलेला निळा बुशशर्ट घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत असायचा. टोकाला पोचला की भिंतीला तळहात लावायचा, वळायचा आणि परत निघायचा. आमच्या आयाबाई सविताबेन कंटाळून म्हणायच्या, "काका, बेसो ने! तमने जोईने मारुं माथुं फरे छे."

"बेन, मी बसलो तर माझं डोकं फिरतं," मामा म्हणायचे आणि चालत राहायचे.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. सुरतेतल्या एका धर्मादाय रुग्णालयात मी कोबाल्टच्या मशीनवर तंत्रज्ञ म्हणून नवा लागलो होतो. कॅन्सरच्या रोग्यांना किरणं द्यायची हे माझं काम. रोगी त्याला किरणं म्हणत नसत, शेक म्हणत. "माझा शेक चालू आहे", "तिला पोटाला शेक दिला". गुजराती, मराठी, उडिया, भय्ये, सगळ्यांचा शब्द एकच. मलाही काही दिवसांत तोच तोंडात बसला.

मामा सुरतेतल्याच उधन्याचे. म्हणजे मूळचे अमळनेरकडचे, पण मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा उधन्याच्या एका पॉवरलूमच्या कारखान्यात कामाला आले, ते तिथलेच झाले. एका कारागिराकडे कितीतरी लूम असतात आणि त्या सगळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेनं त्याला पाळीभर फिरत राहावं लागतं. कुठे धागा तुटला, कुठे सुताची कांडी संपली, हे बघत. "लूमवर बसलेला कारागीर पाहिलाय कधी?" त्यांनी मला एकदा विचारलं होतं. "बसला की समजायचं, एक तर मालक आहे, नाही तर मेलेला आहे."

हे सगळं ते ज्या आवाजात सांगत तो आवाज म्हणजे नुसती खरखर होती. पत्र्यावर वाळू घासावी तशी. गाठ गळ्याच्या आत, आवाजाच्या पेटीला लागून होती आणि तिथून पसरून मानेच्या डाव्या बाजूला लिंबाएवढी बाहेर आली होती. ऑपरेशनच्या पलीकडे गेलंय, असं सर्जननं सांगून त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं. मी त्यांचे कागद वाचले तेव्हा मला राग आला होता. आवाज बसून वर्ष उलटून गेलेलं, मग इतके दिवस हा माणूस करत काय होता?

त्याचं उत्तर त्यांनी नंतर हसत दिलं. "अरे, कारखान्यात शंभर लूम एकदम धडधडतात. तिथं कुणाचं कुणाला ऐकूच येत नाही. आम्ही सगळं हातांनी बोलतो. चहा, तंबाखू, शेठ आला, सगळं हातानं. मग माझा आवाज गेला हे कळणार कुणाला? मलाच कळलं नाही. घरी बायको म्हणायची, तुम्ही दिवसभर ओरडता म्हणून बसला. मी म्हटलं, असेल." मग मानेवरच्या गाठीला बोट लावून म्हणाले, "आयुष्यभर तुटल्या धाग्यांना गाठी मारल्या. आता एक मलाच पडली."

आमच्या मोठ्या डॉक्टर गुजराती होत्या. सगळे त्यांना डॉक्टरबेन म्हणत. उधना-लिंबायतच्या मराठी रोग्यांबरोबर बोलता बोलता त्यांना मराठी येऊ लागलं होतं, पण चिडल्या की त्या सरळ गुजरातीवर यायच्या. मामांच्या शेकाच्या पहिल्याच दिवशी त्या गुजरातीवर आल्या.

त्याचं असं झालं. मामांच्या मानेवर जांभळ्या शाईच्या रेघा आखून झाल्या. मी त्यांना टेबलावर निजवलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या, कपाळावरून पट्टा घेतला आणि सांगितलं, "काका, आता अजिबात हलायचं नाही. मी बाहेर जातो, दार लावतो, काही मिनिटांचं काम आहे." बाहेर येऊन जड दार लावलं, बटण दाबलं, लाल दिवा लागला. मग जाड काचेतून आत बघतो तर काय, मामा पट्ट्यातून डोकं सोडवून, कोपरावर उठून, वर मशीनच्या तोंडात डोकावून बघत होते.

मी मशीन बंद केलं, पळत आत गेलो. "काय झालं? दुखलं का?"

"नाही. चालू झालं की नाही ते बघत होतो," ते म्हणाले. "आवाज नाही, उजेड नाही, गरम लागत नाही. शेक म्हणता आणि चटका तर कुठेच नाही!"

डॉक्टरबेन धावत आल्या. "भिकनभाई, हलवानुं नथी! जराय नहीं!" मग स्वतःला आवरून त्यांनी त्यांच्या मराठीत समजावलं. "बघा, तुमच्या मानेतून मणका जातो. त्याला किरण लागू नये म्हणून आम्ही मध्ये शिशाचा ठोकळा ठेवला. तुम्ही उठला की ठोकळा राहील जागेवर आणि मणका येईल बाहेर. उद्या हातपाय चालणार नाहीत. समज्या?"

हातपाय चालणार नाहीत हे ऐकून मामांचा चेहरा पहिल्यांदा उतरला. पण म्हणाले, "एवढं मोठं मशीन, आणि त्याला गाठ कुठली न् मणका कुठला एवढं कळत नाही?"

डॉक्टरबेन हसल्या. कुठल्याशा परिषदेला जाऊन त्या नुकत्याच आल्या होत्या. "परदेशात तसं मशीन निघालंय. प्रोटॉनचं. त्याचे किरण शरीरात पाहिजे तेवढेच आत जातात आणि गाठीपाशी थांबतात. पुढे जात नाहीत. आपले आरपार जातात."

मामांनी वर मशीनकडे पाहिलं. "म्हणजे आपलं मशीन थांबत नाही," ते म्हणाले. "मग आपणच थांबायला पाहिजे." आणि पुन्हा आडवे झाले.

पण म्हणणं सोपं होतं. पहिला आठवडा मला त्यांच्या पाळीची धास्ती वाटायची. पट्टा घट्ट केला तरी पायाची बोटं हलत, हाताची मूठ उघडझाप करी. मान मात्र त्यांनी स्थिर धरली. पुढे पुढे तर ते इतके निश्चल पडून राहू लागले की मीच काचेतून श्वास चालू आहे ना ते बघायचो. कसं जमलं, विचारलं तर म्हणाले, "तू दार लावलंस की मी उधन्याहून गाडीत बसतो. चलथान, बारडोली, मढी, व्यारा... एका बाजूचा शेक होईपर्यंत नवापूर येतं. दुसऱ्या बाजूला नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा. गाडीत माणूस बसला तरी चालतच असतो ना?"

दोंडाईचा ऐकून मी म्हटलं, माझी आई तिकडचीच. नरडाण्याजवळच्या गावची. मामा एकदम अहिराणीवर आले. "तुनी माय आमनाकडनी? मंग तू मना भाचा!" त्या दिवसापासून मी भाचा झालो आणि ते मामा. बोळातल्या सगळ्या रोग्यांना त्यांनी ही बातमी दिली. त्यामुळे पुढे पुढे मराठी रोगी मला "भाचेसाहेब" म्हणू लागले. मला ते फार अवघड वाटायचं, पण उपाय नव्हता.

बोळातून येरझाऱ्या घालता घालता मामांनी स्वतःला कामं लावून घेतली. माठ भरून ठेवणं, कुणाचं स्ट्रेचर ढकलणं, सविताबेनच्या आधी नाव पुकारणं. खरखरीत आवाजातली ती हाक कुणाला ऐकू जात नसे, मग ते त्या माणसासमोर जाऊन हातानं खूण करीत. मुतारीमागं बिडी ओढणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या तोंडातली बिडी त्यांनी हिसकून पायाखाली चिरडली होती. म्हातारा शिव्या देऊ लागला तर शर्टाची कॉलर खाली ओढून शेकानं काळी पडलेली आपली मान त्याच्या नाकासमोर धरली. म्हातारा गप्प झाला. दुसऱ्या दिवशी परत ओढताना सापडला ही गोष्ट वेगळी.

त्याच बोळात सरूबाई होती. नांदेडकडची, इमारतींच्या कामावर स्लॅबच्या वेळी घमेली वाहणारी, लिंबायतला राहणारी. वय फार नसावं, पण दिसायची म्हातारी. तिचं दुखणं गर्भाशयाचं, अंगावर काढता काढता खूप वाढलेलं. रक्त जायचं. ती बाकाच्या कोपऱ्यात तोंडात पदर धरून आवाज न करता रडत असायची. बाकीचे दुसरीकडे बघत. मामा एक दिवस तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, रडायचं तर रडा. पण चालत रडा. बसून रडलं की दुखणं मांडीवर येऊन बसतं."

मला वाटलं, आता ही आणखी रडणार. ती चिडली. "तुमचं काय जातंय वो बोलायला? मला उभं तरी राहवतंय का?" पण दोन दिवसांनी बघतो तर मामांच्या मागून, भिंतीला धरत, सरूबाई बोळभर चालत होती. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि पाय चाललेत.

मामांची बायको लक्ष्मीबाई. त्यांना मी अर्थातच मामी म्हणू लागलो. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेल्या. एक दिवस त्या एकट्याच आल्या आणि दाराशीच माझ्याकडे तक्रार केली. "भाऊ, यास्ले सांगा ना तुम्ही. आठून निंघतस ते सरळ कारखानामा जातस. घर येतस नही." गळा आतून सोलून निघालेला, पातळ पेज गिळताना डोळ्यांत पाणी येतंय, आणि हा माणूस इथून निघून थेट पाळीवर जातो! मी मामांना धारेवर धरलं. ते नजर चुकवत म्हणाले, "काम नाही करत. नुसता फिरतो. घरी भिंती जवळ जवळ येतात, भाचा."

मामांचा शेक निम्म्याच्या पुढे गेला होता. मानेवरची गाठ बोटांना लहान लागू लागली होती. आणि त्या सप्टेंबरात, पुराचं पाणी ओसरून रस्त्यांवर चिखल वाळत होता तेव्हा, शहरात प्लेगची बातमी फुटली.

ते दिवस ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगून कळणार नाही. सकाळी कुजबुज होती, दुपारी औषधांच्या दुकानांसमोर रांगा होत्या, संध्याकाळपर्यंत प्लेगवरच्या टेट्रासायक्लिनची एक गोळी मिळेना. ज्याच्या त्याच्या तोंडाला रुमाल. बसच्या टपावर माणसं, ट्रकमध्ये माणसं, उधना स्टेशनवर गाडी फलाटाला लागायच्या आत दोन्ही बाजूंनी भरलेली. कारखाने बंद झाले. उधन्याची धडधड थांबली. मी तिथंच खोली घेऊन राहायचो. ती धडधड असते हेच मी विसरून गेलो होतो. थांबली तेव्हा कान दुखायला लागले.

आमचा बोळ रिकामा झाला. सविताबेन आपल्या गावी गेल्या. माझ्या वडिलांनी खालच्या दुकानात ट्रंककॉल करून निरोप ठेवला, असशील तसा निघ. मी पिशवी भरली. निघायच्या आधी डॉक्टरबेनना सांगावं म्हणून दवाखान्यात आलो, तर बोळात मामा आणि मामी समोरासमोर उभी होती. मामींच्या हातात बोचकं होतं, मागं त्यांच्या दोन मुली तोंडाला ओढण्या बांधून उभ्या. डॉक्टरबेन मामींना समजावत होत्या.

"चिठ्ठी मी देते. पण नेणार कुठे? धुळ्याला हे मशीन नाही. मुंबईला आहे, पण आज सुरतहून आलेल्या माणसाला कोण दारात उभं करील? आणि शेक मध्येच सोडला तर गाठ दुप्पट जोरानं येते. हे मी खोटं नाही सांगत, बेन."

मामी मामांकडे वळल्या. "तुमी आठे मरी गयात ते?"

मामा त्या फाटक्या आवाजात म्हणाले, "आठे मरनू ते प्लेगनी मरनू म्हनतीन. तठे गऊ ते ही गाठ माले मारीच." इथं मेलो तर प्लेगनं मेलो म्हणतील, पण तिकडं गेलो तर ही गाठ मला मारणारच. "तू पोरी घेऊन जा. पोरींना काही झालं तर मी कुणासाठी पडून राहू त्या टेबलावर?"

मामींनी बोचकं खाली ठेवलं, पुन्हा उचललं. पुन्हा ठेवलं. धाकटी मुलगी रडू लागली तशी मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मामींना म्हणाले, "चाल, गाडीत बसवून देतो." मग माझ्याकडे, माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघितलं. "मी आलोच तासाभरात, भाचा," एवढंच म्हणाले.

मी पिशवी माझ्या टेबलाखाली सारली आणि खुर्चीवर बसलो. तास गेला, दुसरा निम्मा गेला. सारखं वाटत होतं, उठावं आणि जावं. उठून दारापर्यंत जायचो, परत यायचो. शेवटी मामा आले. शर्टाची एक बाही फाटलेली, पायात चप्पल एकच. गाडीच्या गर्दीत दुसरी गेली होती. "बसल्या," ते म्हणाले. "डब्यात नाही, दारात. पण बसल्या." मग आत जाऊन स्वतःच टेबलावर आडवे झाले, डोकं नेमकं वाळूच्या पिशव्यांमध्ये ठेवलं आणि म्हणाले, "दाब बटण."

मी दाबलं. माझी पिशवी टेबलाखालीच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही मोजकीच माणसं उरलो. तोंडाला पांढरं कापड बांधून येणाऱ्या डॉक्टरबेन, मी, मामा, आणि रिंग रोडच्या आसपासचे दोन-तीन रोगी. रिक्षा नव्हत्या, बस नव्हत्या. मामा उधन्याहून पायी यायचे. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "सरूबाई?"

सरूबाई आली नव्हती. गेली असेल गावी, मी म्हटलं. मामांनी मान हलवली. "तिला बसवत नाही. नांदेडपर्यंत जाईल कशी?" शेक घेतला आणि लिंबायतची वाट धरली. तिची खोली विचारत विचारत शोधून काढली. ती तिथंच होती. नवरा पोरांना घेऊन गावी सोडायला गेला होता, सोडून लगेच येतो म्हणाला होता, आणि गाड्यांच्या त्या गोंधळात अडकला होता. शेजारीण जाताना भाकरी आणि पाण्याची कळशी ठेवून गेली होती. सरूबाई भिंतीला पाठ लावून पडून होती. हे मला मामांनीच नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मामांची वेळ टळली. मी आणि डॉक्टरबेन व्हरांड्यात उभे होतो. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना पांढरी पावडर फेकलेली, कुत्रीसुद्धा गप्प. आणि त्या रिकाम्या रस्त्यावरून एक लारी येताना दिसली. कापडाचे गठ्ठे वाहायची हातगाडी. तिच्यावर गोधडी अंथरून सरूबाई कुशीवर निजलेली, आणि मागून मामा ढकलतायत. चार पावलं ढकलायची, थांबायचं, दांड्यावर कपाळ टेकायचं, परत ढकलायचं.

मी धावत गेलो. लारी हातात घेतली तेव्हा मामांचा शर्ट घामानं चिकटलेला होता आणि मानेवरची जळकी कातडी एका जागी फुटली होती.

डॉक्टरबेन पायऱ्या उतरून आल्या आणि वेड लागलंय का म्हणून गुजरातीवर घसरल्या. "भिकनभाई, तमे गांडा थई गया छो? गळामां घा छे, पेटमां अन्न नथी, ने लारी धकेलो छो?"

मामांना बोलायला श्वास पुरत नव्हता. जरा वेळानं म्हणाले, "बेन, तिला चालवत नाही. मला बसवत नाही. मग दुसरं काय करायचं?"

डॉक्टरबेननी सरूबाईला आत घ्यायला सांगितलं, मामांच्या मानेला स्वतः मलम लावलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची जुनी फियाट लिंबायतच्या नाक्यावर उभी होती. त्या स्वतः चालवत. मागच्या सीटवर सरूबाई आडवी, पुढं मामा. गाडीतही ते नीट बसत नसत, डॅशबोर्डला धरून अर्धवट उठलेले. वाटेत त्यांना आणखी रोगी आठवत. "बेन, इथं आत वळा. जिभेवाला इथं राहतो." कुणी सापडे, कुणाच्या दाराला कुलूप असे. असे ते सगळे दिवस गेले. आमचं मशीन एकही दिवस बंद राहिलं नाही. डॉक्टरबेन, मामा, दोघांनाही प्लेग झाला नाही, मलाही नाही. भीती मात्र रोज वाटली.

हळूहळू माणसं परतली. एके दिवशी लांबून एक लूम धडधडल्याचा आवाज आला, मग दुसरा. मामी पोरींना घेऊन आल्या आणि स्टेशनवरून घरी न जाता आधी दवाखान्यात आल्या. मामांना बघून त्यांनी विचारलं, "जेवले का?" बस, एवढंच.

मामांचा शेक संपला. गाठ हाताला लागेनाशी झाली. मी त्यांना नमस्कार करून निरोप दिला, आणि सोमवारी सकाळी बघतो तर मामा बोळात.

"मामा, तुमचा शेक संपला ना?"

"माहीत आहे," ते म्हणाले. "पाय आले."

पुढेही पाय येत राहिले. कारखान्यात पाळी नसली की यायचे, नव्या रोग्यांना टेबलावर कसं पडायचं ते समजावायचे. "आवाज येणार नाही, उजेड येणार नाही, चटका बसणार नाही. बघायला उठू नका. मी उठलो होतो." सरूबाईचे आतून द्यायचे राहिलेले उपचारही पुरे झाले. वर्षानं ती नवऱ्याबरोबर तपासायला आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. अंगावर मांस आलं होतं. तिनं मामांसाठी गावाकडची तूरडाळ आणली होती.

मामांची दोन वर्षं चांगली गेली. मग एका दुपारी ते आले आणि बोळात शिरताच मला कळलं. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. डॉक्टरबेननी तपासलं, मान खाली घालून हात धुतले. गाठ आत परत आली होती, तिथंच.

"मग द्या की शेक," मामा म्हणाले. "या वेळी पहिल्या दिवसापासून हलणार नाही."

सांगायचं काम माझ्यावर आलं नाही, डॉक्टरबेननी स्वतःच सांगितलं. त्या जागेला जेवढे किरण सोसतात तेवढे देऊन झालेत. आता पुन्हा दिले तर गाठीआधी बाकीचंच जळेल. मामांनी ते शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "ते तुमचं परदेशातलं मशीन. थांबणारं. त्यानं झालं असतं का?"

डॉक्टरबेन म्हणाल्या, "मला माहीत नाही, भिकनभाई. खरंच माहीत नाही. कदाचित थोडं जास्त देता आलं असतं. पण तुम्ही आला तेव्हाच उशीर झाला होता. एक वर्ष आधी आला असता तर आपल्या याच मशीननं झालं असतं."

मामा उठले. या टोकाला गेले, त्या टोकाला गेले. त्या दिवशी ते इतक्या फेऱ्या घालत राहिले की मी माझं काम सोडून दारात उभा राहिलो. शेवटी माझ्यापाशी थांबले. "एक वर्ष," ते म्हणाले. "एक वर्ष मी बोलत होतो आणि कुणाला ऐकू येत नव्हतं." माझा खांदा दाबला आणि गेले. श्वासासाठी गळ्यात नळी बसवून घेतल्यावर ते गावी गेले असं कानावर आलं. मी जाईन जाईन म्हणत होतो. विभागात नवं काम चालू होतं, रजा मिळत नव्हती.

मग एक दिवस सकाळी बोळात लक्ष्मीमामी उभ्या दिसल्या. कपाळ मोकळं होतं. मला काही विचारावं लागलं नाही. त्यांच्याबरोबर चाळिशीचा एक माणूस होता, मामांसारखाच उंच.

"हा उत्तम. यांचा धाकटा भाऊ," मामी म्हणाल्या. "याचा आवाज बसलाय. महिना झाला. हा येत नव्हता. म्हणतो, सर्दीनं बसलाय. यांनी..." त्या थांबल्या. "यांना शेवटी बोलताच येत नव्हतं. हातानं सांगायचे. रोज याच्या गळ्याला हात लावायचे आणि मला सुरतेकडे बोट दाखवायचे. मी म्हटलं, दिवसकार्य झालं की नेते."

उत्तम खाली बघत होता. मी त्याला डॉक्टरबेनकडे नेलं. मामी दाराशी उभ्या राहिल्या. तपासणी बराच वेळ चालली, घशात आरसा घालून, मान दाबून, पुन्हा आरसा घालून. मग दोन दिवसांनी, गळ्यातून काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला. डॉक्टरबेननी तो वाचला, चष्मा काढला आणि मामींकडे बघून म्हणाल्या, "भिकनभाईंना होतं तेच आहे. पण लहान आहे, एकाच जागी आहे. हा बरा होईल. बेन, तुम्ही फार लवकर आणलं याला."

मामी पदर तोंडाला लावून मटकन खाली बसल्या आणि मोठ्यानं रडू लागल्या. उत्तम गोंधळून त्यांच्याकडे, माझ्याकडे बघत राहिला. मी शाईची बाटली आणि ब्रश घेतला, त्याला म्हटलं, "या, शर्टाची वरची बटणं काढा," आणि त्याच्या मानेवर पहिली रेघ आखली.